विशेष शिक्षणाची मात्रा कोण मोजणार?

तालुक्याच्या ठिकाणी दिव्यांग विद्यार्थ्यांचे मोजमाप शिबिर भरले की शाळेच्या पटांगणाला जत्रेचे रूप येते. एका टेबलावर कानांची तपासणी, दुसऱ्यावर डोळ्यांची, तिसऱ्यावर हातापायांची. आईवडील त्या दिवसाची मजुरी बुडवून, मुलाला कडेवर किंवा मोटारसायकलवर घेऊन सकाळपासून रांगेत उभे असतात. काही महिन्यांनी त्याच पटांगणात साहित्य वाटप होते. तीनचाकी सायकल, कॅलिपर, ब्रेल किट, श्रवणयंत्र. पाहुणे येतात, फोटो निघतात आणि नोंदवहीत ‘लाभार्थी’ म्हणून एकेका मुलाचे नाव चढते.

त्या रांगेतली सात वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला जन्मापासून फार कमी ऐकू येते. तिच्या कानात श्रवणयंत्र बसवले गेले. यंत्राने तिला आवाज दिला. पण सात वर्षे जी भाषा कानावर पडलीच नाही, ती यंत्र देऊ शकत नाही. त्यासाठी कोणी तरी तिच्यासमोर बसून शब्द, ओठांची हालचाल, खुणा, चित्रे, पुन्हा शब्द असे रोज करायला हवे. काही महिन्यांत कान वाढतो, साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवू लागते. बॅटरी संपते. मग यंत्र डब्यात जाते आणि डबा फळीवर. नोंदवहीत मात्र ती अजूनही ‘लाभार्थी’ असते.

ही मुलगी काल्पनिक असली, तरी तिची अडचण शाळाशाळांत दिसणारी आहे. आपल्याकडे दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी कायदा आहे, योजना आहेत, न्यायालयाचे आदेश आहेत, आणि अलीकडे पदेही मंजूर झाली आहेत. यातले सगळे मोजले जाते: किती शिबिरे, किती साहित्य, किती प्रमाणपत्रे, किती पदे. एकच गोष्ट मोजली जात नाही. ती म्हणजे या मुलीला आठवड्यातून नेमका किती वेळ, कोणी, काय शिकवले. विशेष शिक्षण ज्या कारणासाठी आहे, ते कारण याच वेळात दडलेले आहे.

औषधासारखीच शिकवण्याचीही मात्रा असते

डॉक्टर औषध लिहून देतात तेव्हा त्याची मात्रा लिहितात: किती, दिवसातून कितीदा, किती दिवस. ‘जमेल तसे घ्या’ असे प्रतिजैविकांबद्दल कोणी सांगत नाही. शिक्षण हे औषध नव्हे आणि दिव्यांगत्व हा बरा करायचा आजारही नव्हे. पण ज्या मुलाचा मेंदू, कान किंवा स्नायू वेगळ्या पद्धतीने काम करतात, त्याला एखादे कौशल्य शिकवताना सरावाची वारंवारता आणि कालावधी यांना फार महत्त्व असते. याचे पुरावे वेगवेगळ्या क्षेत्रांतून आले आहेत.

पहिला पुरावा कानाचा. जन्मतः बहिरेपण असलेल्या बाळांसाठी जगभर एक साधा दंडक मानला जातो: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाययोजना. कारण भाषा ग्रहण करण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. त्या काळात बाळाला आवाज मिळाला नाही तर दृश्य भाषा, म्हणजे सांकेतिक भाषा तरी मिळायला हवी. दोन्ही मिळाले नाही, तर पुढे प्रत्येक वर्षाची भरपाई अधिक कष्टाची होते.

दुसरा पुरावा वाचनाचा. अमेरिकेतले संशोधक जोसेफ टॉर्गेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचनाची तीव्र अक्षमता असलेल्या, आठ ते दहा वर्षे वयाच्या ६० मुलांना त्यांनी एकास एक पद्धतीने शिकवले. रोज ५० मिनिटांचे दोन तास, आठ आठवडे. एकूण साडेसदुसष्ट तास. मुलांच्या वाचनातली अचूकता लक्षणीय सुधारली आणि पुढची दोन वर्षे टिकली. सुमारे ४० टक्के मुलांना वर्षभरात विशेष शिक्षणाची गरज उरली नाही. वाचनाचा वेग मात्र मागेच राहिला. यातून दोन गोष्टी कळतात. पुरेसे तास मिळाले तर आठ-दहाव्या वर्षीही मूल बरेच काही कमावते. आणि काही गोष्टी त्याआधीच हाताळायला हव्या होत्या.

तिसरा पुरावा आपल्या शेजारचा आहे. गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी इथे स्वमग्न मुलांच्या पालकांसोबत एक चाचणी झाली आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. मुलाच्या इशाऱ्यांना, नजरेला, आवाजाला पालकांनी कसा प्रतिसाद द्यायचा, हे १२ सत्रांत शिकवले गेले. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. प्रत्येक मोजमापावर फायदा दिसला नाही, हेही त्या अभ्यासाने नोंदवले. तरी तज्ज्ञ कमी असलेल्या भागात नेमके तंत्र, ठरलेली सत्रे आणि घरचा सराव यांच्या जोरावर काही घडवता येते, एवढे त्याने दाखवले.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. कधी सुरू करायचे, किती वेळा, किती काळ आणि काय, हे आधी ठरलेले होते आणि लिहिलेले होते.

कायदा भरघोस आहे

आपल्याकडचा कायदा या बाबतीत गरीब नाही. १९७४ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांच्या एकात्म शिक्षणाची पहिली योजना आणली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ हे काम धर्मादाय आणि पालकांनी उभ्या केलेल्या संस्थांच्या खांद्यावर होते. मुंबईत १९४४ मध्ये सुरू झालेली जय वकील शाळा किंवा मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेले सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे केंद्र ही त्यांची उदाहरणे. शहरात अशी दारे होती, गावात नव्हती.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांना त्यात स्पष्ट स्थान दिले आणि तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. आधीच्या १९९५ च्या कायद्यातले सात प्रकार वाढून २१ झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना त्यात जागा मिळाली. या कायद्याचे १६ वे कलम शाळांवर जबाबदारी टाकते: भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत सुगम करा, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा, प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवा. १७ वे कलम दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करायला सांगते. ३१ वे कलम सहा ते अठरा वयाच्या, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते.

मेख १६ व्या कलमाच्या एका शब्दप्रयोगात आहे. शाळेने आवश्यक ते साहाय्य द्यावे, ‘वैयक्तिक किंवा अन्य प्रकारे’. हे ‘अन्य प्रकारे’ फार लवचीक आहे. आठवड्यातून पाच तास शिकवणे हेही साहाय्य आणि वर्षातून एकदा साहित्य देणे हेही साहाय्य. किती आणि कितीदा, यावर कायदा बोलत नाही.

मनुष्यबळाबाबत सर्वोच्च न्यायालय अधिक स्पष्ट बोलले. रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या स्तरांवर दर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. पुढे केंद्रानेही ते अधिसूचित केले. राज्यांची गती पाहून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की पदे मंजूर करा, आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या पात्र शिक्षकांची छाननी करून त्यांना नियमित वेतनश्रेणीत घ्या.

महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, केंद्र स्तरावर प्रत्येकी एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षक पदे निर्माण करण्याचा आणि समग्र शिक्षा योजनेतल्या कंत्राटी विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला होता. तुटपुंज्या मानधनावर, दरवर्षी नव्या आदेशाची वाट पाहत काम केलेल्या शिक्षकांसाठी हा मोठा दिलासा आहे. मुलांसाठीही ते चांगलेच, कारण दर दोन वर्षांनी माणूस बदलला की मुलाची घडी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.

तेरा तासांचा हिशेब

पण केंद्रामागे एक शिक्षक म्हणजे मुलामागे किती तास? हा हिशेब प्रत्येक तालुक्यात वेगळा येईल. एक साधा नमुना घेऊ.

समजा एका केंद्रात १५ शाळा आहेत आणि प्रत्येक शाळेत दोन याप्रमाणे ३० दिव्यांग मुले आहेत. विशेष शिक्षक रोज एका शाळेत जातो आणि प्रत्येक मुलाला एक तास देतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. म्हणजे प्रत्येक शाळेत वर्षातून सुमारे १३ फेऱ्या, आणि प्रत्येक मुलाला वर्षाला १३ तास. तोच कायदा या वर्गांसाठी वर्षाला ८०० तासांचे अध्यापन सांगतो. त्यातले हे दीड टक्क्याच्या आसपास झाले. शिबिरे, बैठका, भत्त्यांचे प्रस्ताव, ऑनलाइन नोंदी आणि पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते यांचे दिवस यातून अजून वजा केलेले नाहीत.

टॉर्गेसेन यांच्या अभ्यासातल्या मुलांना जे साडेसदुसष्ट तास आठ आठवड्यांत मिळाले, ते या गतीने मिळायला पाच वर्षे लागतील. तोवर पहिलीतले मूल प्राथमिक शाळा ओलांडून गेलेले असेल. न्यायालयाच्या प्रमाणानुसार त्या केंद्रात एकाऐवजी तीन शिक्षक हवेत. तीन झाले, तरी वर्षाचे ४० तास होतात.

म्हणून आकड्यांचा दुसरा अर्थही वाचायला हवा. उरलेले साडेसातशेहून अधिक तास हे मूल त्याच्या नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या गुरुजींसमोर किंवा बाईंसमोर असते. विशेष शिक्षकाच्या फेरीचे खरे मोल, तो निघून गेल्यावर वर्गात काय चालू राहते यावर ठरते. पुढच्या फेरीपर्यंत रोज दहा मिनिटे कोणते काम करायचे, मुलाला कुठे बसवायचे, प्रश्न कसा विचारायचा, हे वर्गशिक्षकाला समजले आणि जमले, तर त्या एका तासाचे पंधरवड्यात आणखी दोन तास होतात. समजले नाही, तर मूल मागच्या बाकावर चित्र रंगवत बसते. त्याची हजेरी लागते, समावेशनही कागदावर लागते.

वर्गशिक्षकांना दोष देणे सोपे आहे. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंना ‘समावेशन करा’ असे सांगून भागत नाही. त्यांना या विशिष्ट मुलासाठी उद्या सकाळी काय करायचे, ते सांगणारे माणूस हवे. दोन दिवसांच्या सरसकट प्रशिक्षणातून ते मिळत नाही.

एक मूल, चार खाती

वेळ वाया जाण्याचे दुसरे कारण प्रशासनाच्या रचनेत आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि विकासातला विलंब ओळखायचा, ही त्यामागची कल्पना उत्तम आहे. तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. गरजू मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

आता मुलाचा प्रवास पाहा. अंगणवाडीत ते महिला व बालविकास खात्याकडे असते. तपासणी आणि उपचार आरोग्य खात्याकडे. सहा वर्षांचे झाले की शालेय शिक्षण खात्याकडे. विशेष शाळेत गेले तर दिव्यांग कल्याण विभागाकडे. प्रत्येक खाते आपले काम नोंदवते. पण मुलाची एकच फाइल या चारही दारांतून फिरत नाही. तीन वर्षांच्या वयात ‘बोलायला उशीर’ अशी नोंद झालेल्या मुलाची माहिती पहिलीच्या बाईंपर्यंत पोहोचेलच, याची व्यवस्था नाही. मग शाळेत नवे शिबिर होते आणि तीच तपासणी पुन्हा होते. आईला तोच इतिहास पुन्हा सांगावा लागतो. दरम्यान जी वर्षे गेली, ती मेंदूच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होती.

जिल्हा केंद्र हे जिल्ह्याच्या ठिकाणी असते, हाही मुद्दा आहे. वाचा-उपचार आठवड्यातून दोनदा हवा आणि गाव सत्तर किलोमीटरवर असेल, तर आई आठवड्याचे दोन रोज बुडवणार की मुलाचे उपचार? दोनचार खेपांनंतर बहुतेक घरांत याचे उत्तर ठरून जाते. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलासाठी दरवर्षी कमाल ३,५०० रुपयांची तरतूद आहे. शाळेच्या २०० दिवसांवर पसरली तर ती दिवसाला साडेसतरा रुपये होते.

प्रमाणपत्र हे मदतीचे दार नव्हे

मात्रेतला उशीर सर्वांत स्पष्ट दिसतो तो अध्ययन अक्षमतेत. या मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असते. पण अक्षर आणि ध्वनी यांची जोडी त्यांच्या मेंदूत सहज बसत नाही. मराठीत बाराखडी, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून मुलाला शेकडो चिन्हरूपे ओळखावी लागतात. त्यामुळे दुसरीतल्या मुलाने वेलांटी चुकवली, तर ते अक्षम ठरत नाही. मात्र वर्गातल्या इतरांइकेच शिकवूनही ते सतत मागे पडत असेल, तर त्याची दखल घ्यायलाच हवी.

इथे महाराष्ट्राचे एक पाऊल पुढे होते. १९९६ पासून राज्याने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. वाढीव वेळ, लेखनिक, भाषाविषयात सूट, गणकयंत्र अशा सवलतींमुळे कितीतरी मुले दहावी पार करू शकली. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. अध्ययन अक्षमता म्हणजे दहावीच्या परीक्षेचा विषय, असे समीकरण पालकांच्या आणि शाळांच्या मनात बसले. मूल नववीत गेले की प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात धाव घ्यायची. सवलत मिळते, वाचायला शिकवण्याची वेळ मात्र सात-आठ वर्षांपूर्वीच निघून गेलेली असते.

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळते, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. निदान घाईने होऊ नये म्हणून ही मर्यादा योग्यच आहे. पण तिचा अर्थ आठ वर्षांपर्यंत हातावर हात ठेवून बसा असा नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाला अडखळताना पाहून रोज वीस मिनिटे ध्वनींचे खेळ, अक्षरजोडणी आणि मोठ्याने वाचन सुरू करायला कोणत्याही शिक्क्याची गरज नसते. मूल अक्षम निघाले नाही, तरी या वीस मिनिटांनी त्याचे नुकसान होत नाही.

साधनेही आता आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या डिस्लेक्सियाच्या चाचणीसंचात मराठीचा समावेश आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ ही तपासणी सूची आणली. सगळ्या २१ प्रकारांची प्राथमिक लक्षणे वर्गशिक्षकाला त्यात टिपता येतात. चाळणीची ही साधने उपयोगाची आहेत, पण त्यांच्याने काम संपत नाही. ज्या शाळेत चाळणीनंतर शिकवणारे कोणी नाही, तिथे चाळणी फक्त मुलाला एक नाव चिकटवते.

अमेरिकेचा कागद आणि त्याच्या मर्यादा

शिकवण्याची मात्रा लिहून ठेवण्याचा प्रयोग सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेने केला. तिथे १९७५ चा कायदा प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा बंधनकारक करतो. त्यात मुलाची सध्याची पातळी आणि वर्षभराचे उद्दिष्ट तर असतेच. शिवाय कोणती सेवा, कोणत्या तारखेपासून, किती वेळा, किती वेळ आणि कुठे, हेही लिहावे लागते. ‘वाचा-उपचार, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ३० मिनिटे’ अशी नोंद असली की ती न मिळाल्यास पालक दाद मागू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या सेवेतून शाळेच्या सेवेत जाताना खंड पडू नये म्हणून तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी हस्तांतराची बैठक घेण्याची तरतूदही तिथे आहे. आपल्या चार खात्यांना घेण्याजोगी गोष्ट हीच.

तिथे सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या वाढीव खर्चातला ४० टक्के वाटा उचलू, असे तिथल्या केंद्र सरकारने सुरुवातीला सांगितले होते; ते आजवर एकदाही पूर्ण झालेले नाही. विशेष शिक्षकांचा तुटवडा तिथेही आहे. शिक्षकांचा मोठा वेळ कागद भरण्यात जातो, आणि वकील परवडणाऱ्या पालकांच्या मुलाला अधिक मिळते अशी तक्रार असते. आराखड्याचा दर्जा किती असावा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ मध्ये एंड्र्यू नावाच्या स्वमग्न मुलाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की मुलाची नाममात्र प्रगती झाली म्हणजे शाळेची जबाबदारी संपली असे नाही. त्याच्या परिस्थितीला साजेशी प्रगती साधेल असाच आराखडा हवा.

तेव्हा अमेरिकेचा शंभर कलमी कागद इथे आणण्यात अर्थ नाही. आपल्याला त्यातल्या चारच ओळी पुरेशा आहेत.

चार ओळींची नोंद

प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी शाळेत एक पान असावे. येत्या तीन महिन्यांत हे मूल कोणती एक-दोन कामे करू लागेल? त्यासाठी आठवड्यातून किती वेळ? तो वेळ कोण देणार: विशेष शिक्षक, वर्गशिक्षक की घरचे? आणि आढावा कोणत्या तारखेला? खाली तिघांच्या सह्या: वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, पालक. मिळालेल्या तासांची नोंद त्याच पानाच्या मागे. मूल अंगणवाडीतून शाळेत किंवा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेले, तर पान त्याच्यासोबत जावे. घरी राहून शिकणाऱ्या मुलांसाठी तर ते अधिकच गरजेचे, कारण त्यांच्या घरी कोणी गेले की नाही, हे पाहणारा वर्गातला शेजारीही नसतो.

यावर आक्षेप येईल की आधीच कागदांखाली दबलेल्या शिक्षकांना आणखी एक कागद. आक्षेप रास्त आहे. नवे पान येत असेल तर जुनी चार रकाने-पत्रके जायला हवीत. दुसरा आक्षेप, तासही खोटे भरले जातील. ती शक्यता आहेच. म्हणूनच तासांसोबत उद्दिष्ट हवे आणि पालकाची सही हवी. ‘मुलगी दहा वस्तूंची नावे खुणेने किंवा बोलून सांगेल’ असे लिहिले असेल, तर ते झाले की नाही हे आईला अक्षरओळख नसली तरी कळते.

या पानाचा सर्वांत मोठा उपयोग राज्याला होईल. केंद्रामागे एक शिक्षक पुरेसा आहे की नाही, यावर आज अंदाजाने वाद होतो. तासांची बेरीज समोर आली की कोणत्या तालुक्यात दोन शिक्षक लागतील, कुठे वाचा-उपचारतज्ज्ञाची फिरती सेवा हवी, कुठे गोव्यातल्या प्रयोगासारखे प्रशिक्षित कार्यकर्ते पालकांना साथ देऊ शकतील, हे पुराव्यानिशी मांडता येईल.

ज्यांच्या घरात असे मूल आहे, त्यांनी पान येण्याची वाट पाहू नये. शाळेतल्या पुढच्या पालकसभेत चार प्रश्न विचारावेत: माझ्या मुलाला आठवड्यातून किती वेळ वेगळे शिकवले जाते? कोण शिकवते? सध्या काय शिकवत आहात? आणि आपण पुन्हा कधी बसायचे? एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारावेत. ज्यांच्या घरात असे मूल नाही, त्या पालकांनीही विचारायला हरकत नाही. सोबत वही न्यावी आणि उत्तरे तिथेच तारखेसह लिहून घ्यावीत. पुढच्या सभेत बोलणे त्याच वहीतून सुरू करता येते.

सुरुवातीच्या मुलीचे श्रवणयंत्र अजून फळीवरच्या डब्यात आहे. नवा साचा आणि बॅटरी एका दिवसात मिळू शकतात. ते यंत्र कानात घातल्यावर तिच्यासमोर रोज कोण बसणार, हे शाळेच्या कोणत्या तरी पानावर लिहिलेले असायला हवे.